दक्षिणेला घाण नाही, असं मी तिला सांगितलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. ओली गोधडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते, आणि दोघांनी उलट्या अंगाला पीळ द्यायचा. हौसाची, माझ्या बायकोची, बोटं सुजलेली, सांधे धरलेले, पण टोक काही सोडायची नाही. मी जोर लावला की ती चार पावलं माझ्याकडं ओढली जायची. "अवो, गोधडी पिळा, मला नका पिळू," म्हणाली. पौषातलं ऊन होतं, दहा-साडेदहाचं. गोधडी तारेवर टाकली, तिनं दोन्ही कडा सारख्या केल्या, आणि तेवढ्यात वरून काजळी पडायला लागली.

आमच्या देवळाली प्रवरेच्या भागात ज्याच्या अंगावर ही काजळी पडली नाही असा माणूस नसेल. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं. ते पेटवून देतात. जळकी पानं वाऱ्यावर चढतात आणि काळ्या दोऱ्यासारखी कुठंही उतरतात. वाळत घातलेल्या कपड्यांवर, दुधात, डोक्यात. हात लावला की फासली जाते, म्हणून फुंकर मारून उडवावी लागते. त्या दिवशी पेटलेलं रान आमचंच होतं. मीच आमच्या मुलाला, बाळूला, पेटवायला सांगितलं होतं. हौसा वर्षानुवर्षं म्हणायची, "कुजू द्या की जरा, रानाला खत हुईल." मी म्हणायचो, "कुजायला सहा म्हयने लागत्यात, पेटवायला एक काडी." ती गोधडीवर फुंकर मारत राहिली. मी बाजेवर जाऊन बसलो.

दिवेलागणीला ती गेली.

त्याला आता वर्ष झालं. पुन्हा पौष आलाय, पुन्हा काजळी पडतेय. माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहायची सवय नाही, पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. तरी लिहायला बसलो, कारण गोधडी आणि दिवेलागण यांच्या मधल्या वेळात तिनं मला एक विचारलं, आणि मी खोटं बोललो. त्या खोट्याच्या मागं आणखी एक खोटं होतं, पन्नास वर्षांचं. हौसा ते खरं मानून गेली, का शेवटच्या दिवशी तिला ते कळलं, हे मला माहीत नाही. कुणाला विचारू? तेच मला आतून कुरतडतंय.

त्या खोट्याचं मूळही पौषातलंच आहे. आपल्याकडं थंडी असते तेव्हा जगाच्या पार खालच्या टोकाला, दक्षिणेच्या बर्फात, उन्हाळा असतो. मी तो उन्हाळा बघितलाय. आमच्या वस्तीवर कुणाला खरं वाटत नाही. पण माझ्या डाव्या पायाला करंगळी नाही, ती तिथं गेली.

त्या वेळी पाऊस सारखा दगा देत होता. पाट कोरडा, विहिरीला तळ दिसायला लागला. माझा मामा मुंबईला गोदीत होता. त्यानं माझी खलाशाची कागदपत्रं केली आणि मला एका परदेशी जहाजावर तेलवाला म्हणून चढवलं. तेलवाल्यानं इंजिनाला तेल घालायचं, पुसायचं, खालची घाण काढायची. घरी हौसा होती, तिच्या कडेवर आमची चिमी. अडीच वर्षांची. बोलायला नुकती लागलेली. मला "तात्या" म्हणायची, त्यातला पहिला "ता" लांबवून. आप्पा मी पुढं झालो.

जहाजावर सगळे कोकणातले आणि गोव्याकडचे. घाटावरचा मी एकटा. खलाशांचा मुकादम, त्याला सारंग म्हणतात, रत्नागिरीकडचा म्हातारा होता. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "काय रे घाट्या, समुद्र बघितलास काय कधी?" मी म्हटलं, "आमच्याकडं पाटाला पाणी सुटतं, तेवढाच आमचा समुद्र." तो पोट धरून हसला. तेव्हापासून माझं नाव पाटकरी पडलं. आपल्याकडं पाटाची दारं उघडून पाणी सोडणारा जो सरकारी माणूस असतो, तो पाटकरी. मला ते नाव बरं वाटायचं. गावाकडचं काहीतरी जवळ असल्यासारखं.

बर्फावर राहून अभ्यास करणारी काही परदेशी माणसं होती. त्यांना डिझेल, खाणंपिणं, लाकडी खोल्यांचं सामान पोचवायचं, हे आमचं काम. किती दिवस लागले आठवत नाही. समुद्र आधी निळा होता, मग करडा झाला, मग एका सकाळी मी खालून वर आलो तर सगळं पांढरं. मला आधी वाटलं माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं. त्या पांढऱ्याला टोक नव्हतं. आवाज नव्हता. आवाज नसतो तेव्हा कानात आपलंच रक्त ऐकू येतं, हे मला तिथं कळलं. मधूनच लांब कुठंतरी बर्फाचा कडा फुटायचा, आणि ऊस पेटल्यावर पेर फुटतं तसा, पण शंभर पटीनं मोठा आवाज यायचा.

भंडारी म्हणजे आमचा स्वयंपाकी. त्यानं एकदा तरंगत्या बर्फाचा तुकडा ओढून पातेल्यात टाकला, चहासाठी. तो तुकडा पाण्यात तडतडायला लागला, तेलात मोहरी टाकावी तसा. तिथल्या एका साहेबानं सांगितलं, यात हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलेली असते, ती सुटतेय. मी पातेल्यावर नाक धरलं. म्हटलं, आपल्या पणज्याच्या पणज्याच्याही आधीची हवा. तिला धूर माहीत नाही. कारखाना माहीत नाही. काहीच वास आला नाही. तो वास नसण्याचाच वास मला अजून आठवतो.

आणि पाखरं. उभी चालणारी, पोट पुढं काढून, निवडून आलेल्या सरपंचासारखी. माणसाला भीत नव्हती, कारण माणूस काय चीज आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. जवळ येऊन मान वाकडी करून बघायची.

सामान उतरवायला आम्ही बर्फावर पाय ठेवला त्या दिवशीची गोष्ट. आमच्याकडं विहिरीत उतरताना पायऱ्यांवर कुणी पायताण नेत नाही. वर काढून ठेवायची आणि मग उतरायचं. पाणी प्यायची जागा आहे ती. लहानपणी मी एकदा चप्पल घालून उतरलो तर आजोबानं वरून ढेकूळ मारलं होतं. तर त्या बर्फावर उतरलो आणि माझा हात आपोआप बुटाकडं गेला. इतकी स्वच्छ जागा मी जन्मात बघितली नव्हती. तिथं बूट घालून उभं राहायला लाज वाटली. बूट काढले, मोजे काढले, हात जोडून उभा राहिलो. चिमीचं नाव घेतलं, हौसाचं घेतलं, गावच्या देवाचं घेतलं. पाय बधिर झाले ते कळलंच नाही. उचलायला गेलो तर कातडी बर्फाला चिकटलेली. सारंग ओरडत आला, "अरे ए पाटकऱ्या, मेलास! देऊळ समजलास काय?" पुढं ती करंगळी काळी पडली आणि तिथल्या डॉक्टरनं काढून टाकली. सगळं जहाज आठ दिवस मला हसत होतं.

हे सगळं मी हौसाला सांगितलं होतं. न थकता, पन्नास वर्षं. यातलं एक अक्षर खोटं नाही. खोटं आहे ते यानंतरचं, जे मी सांगितलंच नाही.

जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या खाली, गळलेलं तेल, डिझेल आणि पाणी साठत राहतं. काळं, दाट, वंगणाच्या वासाचं. ते गाळून, तेल वेगळं काढून मग पाणी सोडायचं असतं. आमच्या जहाजावर ते गाळायचं यंत्र बंद पडलं होतं आणि तळ भरत आला होता. इंजिनावरचा मोठा साहेब म्हणाला, इथंच सोडून द्या. तिथं त्या दिवसांत सूर्य मावळत नाही, नुसता गोल गोल फिरतो, त्यामुळं अंधाराची सोय नव्हती. म्हणून त्यांनी धुक्याची वाट बघितली. दोन दिवसांनी धुकं आलं.

पाळी माझी होती. साहेबानं माझ्याकडं बघून बोट दाखवलं. सारंग जिन्यावर उभा होता. तो हसत म्हणाला, "चल पाटकरी, सोड पाणी."

मी चाक फिरवलं. दोन हातांनी. घट्ट होतं, जोर लावावा लागला. नको म्हणावं असं मनात आलं का? आलं. पण पगार होता, घरी दोन तोंडं होती, आणि समोर गोरा माणूस बोट दाखवत उभा होता. मी फिरवलं. आम्ही शेतकरी माणसं, आयुष्यभर पाण्याचं दार उघडतो ते पिकासाठी. मी त्या दिवशी हे दार उघडलं. पाळी संपल्यावर वर आलो. धुकं विरळ होत होतं. जहाजाच्या कडेनं पाण्यावर रंग पसरला होता, मोराच्या पिसासारखा. बघायला छान दिसत होता, हे सांगताना माझी जीभ झडली पाहिजे. त्याच्या कडेला बर्फ होता, आणि बर्फाला पाण्याच्या रेषेत तपकिरी काठ बसला होता. पांढऱ्या लुगड्याला असावा तसा, सरळ.

सारंगानं त्याच पाळीत रंगाचे रिकामे डबे ढकलून दिले. भंडारीनं आठवडाभराचे पत्र्याचे डबे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकल्या. मी सारंगाला म्हटलं, "चाचा, हे बरं न्हाई." तो म्हणाला, "अरे समुद्र केवढा! पचवतो तो." आमचा ओढाही केवढा आहे असं आमचे लोक म्हणतात, आणि सगळं त्यात टाकतात.

दुसऱ्या दिवशी एक पाखरू बर्फाच्या तुकड्यावर बसलं होतं. पोट काळं. चोचीनं पुसत होतं, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. पुसलेलं पोटात जात असणार. तिसऱ्या दिवशीही तिथंच होतं. पाण्यात उतरत नव्हतं. बाकीची त्याच्यापासून लांब उभी. चौथ्या दिवशी जहाज निघालं. मी वर गेलो नाही.

बंदराला लागलो तेव्हा पत्र वाट बघत होतं. आमच्या मास्तरांनी लिहिलेलं. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी, हगवण, उलट्या, आणि तीन दिवसांत चिमी गेली. पौष वद्य अष्टमीला. मी तिथंच बसून दिवस मोजले. बोटांवर, पेरांवर. अष्टमीला आम्ही बर्फात होतो. धुकं नेमकं कोणत्या तारखेला आलं ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी किती वेळा मोजलं असेल. कधी एक दिवस आधी येतं, कधी त्याच दिवशी.

घरी आलो. हौसा रडली नाही. तिचं रडून झालेलं होतं. तिनं माझा पाय बघितला, करंगळीची गोष्ट ऐकली, आणि मग म्हणाली, "तुमी दक्षिणंला हुता ना? पार टोकाला?"

"व्हय."

"मेलेली माणसं तिकडंच जात्यात म्हनं. यमाचं घर तिकडं. तुमाला दिसली का?"

मी म्हटलं, "न्हाई दिसली गं. लई मोठी जागा हाय."

"कशी हाय जागा?"

तेव्हा मी तिला सांगितलं. पांढरी आहे. वास नाही, माशी नाही, चिखल नाही. पाणी असं की बर्फ फोडून तोंडात टाकावा. मी तिथं बूट काढले. ती ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर महिन्यांनंतर कसलंतरी ऊन पडत होतं. ती म्हणाली, "मग तिथं पोरीला हगवन लागायची न्हाई."

मी म्हटलं, "न्हाई लागायची."

"घान न्हाईच म्हन्ता?"

"न्हाई. अजिबात घान न्हाई."

एवढंच. एवढं एक वाक्य. त्या वेळी ते माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला वाटलं आज बोलतो, पुढं कधीतरी सांगून टाकीन. पण हौसानं त्या वाक्यावर घर बांधलं. मी त्याचा पाया कसा उकरणार? दर वर्षी धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा करतात, त्याचं तोंड दक्षिणेला. एरवी दिव्याचं तोंड कुणी दक्षिणेला करत नाही. हौसा दोन करायची. एक यमाचा, एक लहान. तो लहान दिवा ठेवताना पुटपुटायची, "थंडी लई आसंल तिकडं, पन पानी चांगलं हाय बाई." पुढं बाळू झाला, त्याचं लग्न झालं, घरात नातवंडं आली, तरी दुसरा दिवा चुकला नाही.

आणि पाण्याचं तिला वेडच लागलं. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घोट नाही, उकळल्याशिवाय लेकराला नाही. पाहुण्याच्या हातातला तांब्या काढून घ्यायची. वस्तीवरच्या बाया तिला गाळणीबाई म्हणायच्या. ओढ्यात कुणी फवाऱ्याचे डबे धुतले, मेलेलं वासरू टाकलं, की ही काठी घेऊन त्याच्या दारात. "आमचं मानूस जगाच्या टोकाला जाऊन आलं, तिथं त्यांनी बूट काढलं, आन् तुला घरापुढच्या पान्याची लाज न्हाई?" माझा दाखला द्यायची. मी त्या वेळी गोठ्यात जाऊन बसायचो.

म्हशीची धार काढता काढता ती मला तिथलं विचारायची. "सूर्व्य मावळतच न्हाई म्हन्ता, मग तिथल्या मान्सांनी म्हशी पिळायच्या कवा?" मी म्हणायचो, "तिथं म्हशी न्हाईत गं." "अरं देवा, मग चा कशाचा पित्यात?" असं ती हसायची, मीही हसायचो. आणि मग एकदम उठून वैरण टाकायला जायचो. ती म्हणायची, यांना चिमीची आठवण आली. तिला वाटायचं तेवढं साधं ते नव्हतं.

टीव्ही आला. मग बातम्यांत बर्फ यायला लागला. बर्फ वितळतोय, कडे तुटतायत, समुद्रात प्लॅस्टिक, माशाच्या पोटात प्लॅस्टिक. अशी बातमी लागली की मी चॅनल बदलायचो. सून शैला म्हणायची, "आप्पांना बर्फ बघून थंडी वाजती, लगेच भजन लावत्यात." सगळे हसायचे. मी रिमोट उशाखाली घेऊन निजायचो. एवढा म्हातारा माणूस, रिमोट चोरून ठेवायचा. हे माझं प्रायश्चित्त होतं म्हणायचं का? बायकोच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं हेच?

माझ्या एका चाकानं सगळ्या जगाचा बर्फ वितळला असं मी म्हणत नाही. तेवढा मोठा मी नाही. पण मी जे केलं तेच सारंगानं केलं, भंडारीनं केलं, दुसऱ्या जहाजांवरच्या दुसऱ्या तेलवाल्यांनी केलं असणार, आणि त्यातला प्रत्येक जण घरी जाऊन बायकोला सांगत असणार की जागा लई भारी होती. शैलाच्या मुलीच्या पुस्तकात लिहिलंय, काजळी वाऱ्यावर कुठल्या कुठं जाते आणि बर्फावर बसली की तो लवकर वितळतो. आमच्या पाचटाची जात असेल का तिथवर, मला ठाऊक नाही. जाऊ नये असं वाटतं. पण गोधडीवर पडते ती फुंकून उडवता येते, तिथं कोण फुंकणार?

हौसानं आधीच सांगून ठेवलं होतं, "माझी राख पुणतांब्याला सोडा. प्रवरेत नको. गोदावरी मोठी, लांब जाती." बाळूला वाटलं तीर्थ आहे म्हणून. मला खरं कारण माहीत होतं. तिचा हिशोब सरळ होता. गोदावरी समुद्राला मिळते, आणि समुद्र तिथवर जातो. दहाव्याला मी पुणतांब्याच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. जलपर्णी होती, तिच्यात कॅरीबॅगा अडकलेल्या, आदल्या कुणाच्या तरी हारांचा नायलॉनचा दोरा माझ्या पायाला गुंडाळला. शेताला बांध असतो, समुद्राला नसतो, हे मला जहाजावरच कळलं होतं. मी सोडलेलं पाणी कुठंतरी अजून आहे. आणि त्याच पाण्यात मी तिला सोडलं. बाळू म्हणाला, "आप्पा, चला, थंडी वाजंल." मला थंडी वाजत नव्हती. मला पळून जावंसं वाटत होतं आणि जायला जागा नव्हती.

तर तो गोधडीचा दिवस. मी बाजेवर होतो, हौसा ओट्यावर हरभरा सोलत होती. शैला मोबाईल घेऊन आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं सासऱ्यांची जागा दिसतेय, म्हातारीला दाखवू. "आत्याबाई, बघा, आप्पांचा बर्फ!"

रिमोट उशाखाली ठेवून काय उपयोग होता? मोबाईल कुठं ठेवणार होतो?

मी उठेपर्यंत हौसानं मोबाईल हातात घेतला होता. त्यात दाखवत होते, बर्फ वेळेआधीच फुटला आणि त्यावरची पाखरांची पिल्लं बुडाली. अजून पाण्यात टिकायची पिसं फुटली नव्हती त्यांना. मग एक बाई बर्फ वितळवून गाळत होती, आणि त्या गाळणीत प्लॅस्टिकचे धागे. मग एक जुनी जागा, बर्फाखालून निघालेले गंजके डबे, तेलानं काळी पडलेली माती. हौसानं ते पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा बघितलं. गाळणी तिला लगेच ओळखू आली.

"अवो," ती म्हणाली, "हीच का तुमची जागा?"

मी म्हटलं, "न्हाई. दुसरीकडची आसंल."

"डबं हायेत तिथं. काळं झालंय समदं. कुनी नेली घान तिथवर?"

"मला काय ठावं?"

शैलाला वाटलं विषय संपला. ती मोबाईल घेऊन आत गेली. हौसा सोललेल्या हरभऱ्यात बोटं फिरवत बसली. तशीच म्हणाली, अगदी हळू, "मग पोरगी कुठं जायची आता?"

तेव्हा सांगायचं होतं. पन्नास वर्षं ज्या वेळेची वाट बघत होतो ती वेळ ओट्यावर येऊन बसली होती. आणि मी काय केलं? मी ओरडलो. "येडी का खुळी तू? मेलेलं मानूस कुठं ऱ्हातं का कुठं! मेली ती. पन्नास वर्सं झाली. मेली!"

हौसानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मोजून बघावं तसं. मग परात उचलून आत ठेवली आणि अंग टाकते म्हणाली. दिवेलागणीला शैला उठवायला गेली. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, झोपेत, त्रास झाला नाही. डॉक्टरला काय माहीत त्रास कुठं झाला ते. ती त्या बघण्यात काय समजली, मला सांगायला ती उठलीच नाही.

रात्र गेली. त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

सकाळी पाहुणे आले. बायांनी हौसाला अंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. अंगणात तिरडी बांधून तिला त्यावर ठेवलं, पाय दक्षिणेला करून. नाकात, कानात कापूस घातला. एकेक जण तुळशीच्या पानानं तोंडात पाणी घालत होता. माझ्या चुलत बहिणीनं तांब्या पुढं केला, "आप्पा, घाला पानी."

मी पाणी घातलं नाही. गुडघे धरून खाली बसलो, वेळ लागला बसायला, आणि तिच्या उजव्या कानातला कापूस काढला.

शैला म्हणाली, "आप्पा, काय करताय?"

बाळू म्हणाला, "ऱ्हाऊ दे. देवाचं नाव घेत आसत्याल कानात. घेऊ दे."

कुणीतरी रडणारी पोरं आत नेली. मी वाकलो. तिचा कान बर्फासारखा गार असेल असं वाटलं होतं, पण तो नुसताच गार होता, घागरीसारखा.

मी म्हटलं, "हौसा, घान मी नेली. चाक मी फिरवलं, ह्या हातांनी. बूट काढलं ते खरं हाय आन् हेबी खरं हाय. एक पाखरू मरायला टेकलं माझ्या डोळ्यांदेखत. तुला खोटं सांगितलं. काल बी खोटं सांगितलं. पोरगी कुठं गेली मला ठावं न्हाई."

एवढं बोललो. मग उत्तराची वाट बघत तिथंच कान लावून राहिलो. किती वेळ ते मला कळलं नाही. बाळूनं माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. लोक तिरडी उचलायला वाकले होते. कापूस माझ्या मुठीत होता, आणि तो परत घाला असं मला कुणी म्हटलं नाही.